लिहून ठेवलेला पूर्वग्रह

माणसाच्या मनातला पूर्वग्रह दप्तरात सापडत नाही. उमेदवाराचे आडनाव ऐकून परीक्षकाच्या कपाळावर उमटलेली आठी कोणत्याही इतिवृत्तात नोंदली जात नाही. अर्ज नाकारला गेला, एवढीच नोंद मागे उरते. भेदभावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची त्यामुळे नेहमीच अडचण होते. परिणाम दिसतात, पण कारण हाती लागत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यापाशी पुरावा नसतो, आणि ज्याने तो केला त्याला पुष्कळदा आपल्या कृत्याची जाणीवही नसते.

लंडनमधील एका वैद्यकीय महाविद्यालयात १९८० च्या दशकात मात्र हा पूर्वग्रह चक्क आकड्यांत लिहिलेला सापडला. कोणत्या आडनावाला किती गुण कमी, उमेदवार स्त्री असल्यास किती कमी, हे सारे संगणकाच्या एका आज्ञावलीत मांडलेले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनातील नीती आणि न्याय यांविषयी आज जगभर जी चर्चा चालू आहे, तिच्यातले बहुतेक प्रश्न या एका प्रकरणात बीजरूपाने आढळतात. म्हणून त्या चर्चेचा हा धावता इतिहास आपण तेथूनच सुरू करू.

सेंट जॉर्जेसची चाळणी

सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूल ही लंडनमधील जुनी आणि नामांकित संस्था. १९७० च्या दशकात तेथे प्रवेशासाठी दरवर्षी सुमारे २,५०० अर्ज येत. त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश अर्ज केवळ कागद वाचून बाजूला काढले जात. उरलेल्यांना मुलाखतीस बोलावीत, आणि मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के उमेदवारांना प्रवेश मिळे. म्हणजे खरी चाळणी मुलाखतीच्या आधीच लागत होती.

हे अर्ज वाचण्याचे काम ज्या प्राध्यापकांवर पडे, त्यांत डॉ. जेफ्री फ्रँग्लन हे उपअधिष्ठाता होते. काम वेळखाऊ होते. शिवाय परीक्षकापरीक्षकांत मतभेद होत. एकाने निवडलेला अर्ज दुसऱ्याने नाकारला असता, अशी स्थिती होती. डॉ. फ्रँग्लन यांनी ठरवले, की हे काम संगणकाकडे सोपवावे. वेळ वाचेल आणि सर्वांना एकच माप लागेल. हेतू वाईट नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे.

त्यांनी पूर्वीच्या परीक्षकांचे निर्णय अभ्यासले. उमेदवाराची कोणती गोष्ट पाहून परीक्षक अनुकूल होतात आणि कोणती पाहून प्रतिकूल, याचे गणित मांडून प्रत्येक गोष्टीला त्यांनी वजन ठरवून दिले. १९७९ साली आज्ञावली तयार झाली. काही काळ प्रत्येक अर्ज माणसांनीही तपासला आणि यंत्रानेही. दोघांचे निर्णय ९० ते ९५ टक्के जुळले. एवढा मेळ पाहून संस्थेचे समाधान झाले, आणि १९८२ पासून पहिली चाळणी पूर्णपणे संगणकाच्या हाती गेली.

या ९० ते ९५ टक्क्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. यंत्र माणसासारखा निर्णय देते, एवढेच त्यातून सिद्ध झाले होते. निर्णय योग्य असतो, हे सिद्ध झाले नव्हते. गुरूचे हस्ताक्षर हुबेहूब गिरवणारा विद्यार्थी गुरूच्या चुकाही तितक्याच निष्ठेने गिरवतो.

प्रवेशअर्जात वंशाचा रकाना नव्हता. परंतु परीक्षक आडनाव आणि जन्मस्थान पाहून मनाशी अंदाज बांधत असत, आणि आज्ञावलीनेही तेच उचलले. या दोन गोष्टींवरून ती उमेदवारांची युरोपीय आणि अयुरोपीय अशी वर्गवारी करी. अयुरोपीय नावामुळे उमेदवाराचे १५ पर्यंत गुण वजा होऊ शकत; स्त्री असल्यामुळे सरासरी ३. (वसईच्या परेरा आणि लोपीस या आडनावांवरून त्या यंत्राने काय अनुमान काढले असते आणि जन्मस्थान वाचून ते कसे फिरवले असते, हा विचार आपल्या वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.)

ही गोष्ट उजेडात आणली ती त्याच संस्थेतील दोन अध्यापकांनी. डॉ. ॲग्री बर्क हे जमैकात जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ, आणि डॉ. जो कॉलियर हे औषधशास्त्रज्ञ. लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या नावांचा अभ्यास करून स्त्रिया आणि अयुरोपीय विद्यार्थी यांचे प्रमाण ठिकठिकाणी किती वेगवेगळे आहे, हे त्यांनी दाखवून दिले होते. १९८६ साली त्यांनी ब्रिटनच्या वंशसमानता आयोगाचे लक्ष आपल्याच संस्थेच्या आज्ञावलीकडे वेधले. आयोगाने चौकशी करून १९८८ साली अहवाल दिला. संस्थेने वंश आणि लिंग या दोन्ही बाबतींत भेदभाव केल्याचे सिद्ध झाले. दरवर्षी सुमारे ६० उमेदवारांना केवळ या कारणाने मुलाखत नाकारली गेली असावी, असा अंदाज निघाला. संस्थेने आज्ञावली बंद केली, आणि वगळल्या गेलेल्यांपैकी काहींचा शोध घेऊन त्यांना प्रवेश देऊ केला.

या अहवालातील एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. अयुरोपीय विद्यार्थ्यांचे प्रमाण सेंट जॉर्जेसमध्ये लंडनच्या इतर बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांपेक्षा जास्तच होते! म्हणजे दोषी ठरली ती संस्था सर्वांत वाईट नव्हती. तिचा दोष पकडता आला, कारण तो लिहिलेला होता. इतर ठिकाणी तीच आठी परीक्षकांच्या कपाळावर उमटत होती आणि विरून जात होती. संगणकाने पूर्वग्रह पक्का केला, हे खरे. पण त्याच संगणकाने तो तपासण्याजोगाही केला. हे दुहेरी सत्य पुढील सर्व इतिहास वाचताना हाताशी ठेवावे लागेल.

हेतू आणि आज्ञा

सेंट जॉर्जेसची आज्ञावली आजच्या अर्थाने कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. ती साधी बेरीज-वजाबाकी होती. तरीही माणसांचे जुने निर्णय घ्यायचे, त्यांतून नियम काढायचे आणि तो नियम नव्या माणसांना लावायचा, ही तिची रीत आजच्या यंत्रांचीही आहे. या रीतीतला धोका काही जाणत्यांनी फार आधी ओळखला होता.

कृत्रिम बुद्धिमत्ता हे नाव रूढ झाले ते अमेरिकेतील डार्टमथ येथे १९५६ च्या उन्हाळ्यात भरलेल्या संशोधकांच्या मेळाव्यापासून. त्याआधीच, १९५० साली, गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी स्वयंचलित यंत्रांचा मानवी समाजावर काय परिणाम होईल, याविषयी पुस्तक लिहिले होते. वीनर यांनी दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांच्या नेमबाजीचे गणित सोडवण्याचे काम केले होते. युद्ध संपल्यावर मात्र, संहारासाठी वापरले जाईल असे आपले संशोधन आपण कोणालाही देणार नाही, असे त्यांनी १९४७ साली जाहीर पत्राने कळवले. संशोधकाची जबाबदारी प्रयोगशाळेच्या दारापाशी संपत नाही, हा विचार या शास्त्राच्या जन्मापूर्वीच मांडला गेला होता, तो असा.

१९६० साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखात वीनर यांनी सांगितले, की यंत्राला जो हेतू आपण घालून देतो, तोच आपल्याला खरोखर हवा आहे ना, याची आधी खात्री करून घेतली पाहिजे. कारण एकदा सुरू झालेले यंत्र आपल्याला थांबवायला वेळ देईलच असे नाही. हा निकष सेंट जॉर्जेसला लावून पाहावा. संस्थेला हवे होते चांगले डॉक्टर होऊ शकणारे विद्यार्थी. यंत्राला सांगितले गेले ते पूर्वीच्या परीक्षकांसारखे वागण्यास. या दोन वाक्यांतल्या अंतराने कित्येक तरुणतरुणींचे आयुष्य बदलले.

दुसरे नाव जोसेफ वायझेनबाउम यांचे. १९२३ साली बर्लिनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेले वायझेनबाउम नाझी राजवटीमुळे १९३६ साली अमेरिकेत आले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत त्यांनी ‘एलायझा’ ही संभाषण करणारी आज्ञावली रचली आणि १९६६ साली ती प्रसिद्ध केली. समोरच्याचेच शब्द फिरवून त्याला प्रश्न विचारायचे, एवढेच ती करी. तरीही माणसे तिच्याशी मनातले बोलू लागली, हे पाहून तिचा कर्ताच अस्वस्थ झाला. १९७६ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी हिशेब करणे आणि विवेकाने निवड करणे यांत भेद केला. काही कामे यंत्राला साधली तरी ती त्याच्याकडे सोपवू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायनिवाडा हे त्यांतले एक. पुढच्या चाळीस वर्षांत अमेरिकेच्या न्यायालयांत नेमके तेच घडले.

दोन प्रकारचा न्याय

अमेरिकेतील अनेक न्यायालयांत आरोपीला जामिनावर सोडावे की नाही, दोषी ठरल्यास शिक्षा किती द्यावी, अशा निर्णयांच्या वेळी संगणकाने काढलेला ‘धोकांक’ न्यायाधीशापुढे ठेवला जाऊ लागला. हा मनुष्य पुन्हा गुन्हा करण्याचा संभव किती, हे तो अंक सांगतो. ‘कॉम्पास’ ही नॉर्थपॉइंट या कंपनीची अशीच एक प्रणाली. तिची प्रश्नावली १३७ प्रश्नांची. त्यांत वंशाचा प्रश्न नाही. पण आईवडिलांपैकी कोणी तुरुंगात होते काय, ओळखीचे किती जण अमली पदार्थ घेतात, असे प्रश्न आहेत. वंश दारातून बाहेर काढला तरी तो खिडकीतून आत येतो, तो असा.

मे २०१६ मध्ये ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी फ्लोरिडा राज्यातील ब्रॉवर्ड काउंटीच्या सात हजारांहून अधिक आरोपींचे धोकांक मिळवले आणि पुढील दोन वर्षांत त्यांतल्या कोणी खरोखर पुन्हा गुन्हा केला, ते ताडून पाहिले. ज्यांनी पुढे गुन्हा केला नाही अशा कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांवर धोकादायक असल्याचा शिक्का बसला होता. तशाच गौरवर्णीयांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. कंपनीने उत्तर दिले, की आमचे माप दोघांना सारखेच लागते. ज्यांना आम्ही धोकादायक म्हणतो त्यांच्यापैकी पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही वंशांत जवळजवळ सारखे आहे.

चमत्कारिक गोष्ट अशी, की दोन्ही पक्षांचे आकडे बरोबर होते. हे कसे, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. दोन वस्त्यांतले शंभर शंभर आरोपी घेतले. पहिल्या वस्तीतले ५० जण पुन्हा पकडले जातात, दुसऱ्या वस्तीतले २०. यंत्र पहिल्या वस्तीतल्या ६० जणांना धोकादायक ठरवते, त्यांपैकी ३६ जण खरोखर पकडले जातात. दुसऱ्या वस्तीतल्या २० जणांना ठरवते, त्यांपैकी १२ जण पकडले जातात. दोन्हीकडे शिक्का १०० पैकी ६० वेळा खरा ठरला. कंपनीच्या अर्थाने न्याय झाला. आता निरपराध राहिलेल्यांच्या बाजूने पाहू. पहिल्या वस्तीत असे ५० जण होते, त्यांतल्या २४ जणांवर खोटा शिक्का बसला, म्हणजे ४८ टक्के. दुसऱ्या वस्तीत ८० जण होते, त्यांतल्या ८ जणांवर बसला, म्हणजे १० टक्के. पहिल्या वस्तीतला सरळमार्गी मनुष्य विचारील, की माझ्या शेजाऱ्यांच्या वर्तनाची शिक्षा मला का?

क्लाइनबर्ग, मुल्लैनाथन आणि राघवन या तिघांनी, आणि स्वतंत्रपणे अलेक्झांड्रा चौल्डेचोव्हा यांनी, २०१६-१७ च्या सुमारास गणिताने सिद्ध केले, की दोन गटांतले मूळ प्रमाण वेगळे असेल आणि यंत्र भविष्य अचूक सांगणारे नसेल, तर न्यायाच्या या दोन्ही कसोट्या एकाच वेळी पुऱ्या करता येत नाहीत. एक निवडावी लागते आणि दुसरी सोडावी लागते. कोणती निवडायची, याचे उत्तर गणितात नाही. शिवाय मूळ प्रमाण म्हणून जे हाती येते, ते अटकेचे प्रमाण असते. पोलीस ज्या वस्तीत अधिक फिरतात, तेथे अटकाही अधिक होतात. मोजमापाच्या आधीच माप वाकलेले असते.

सेंट जॉर्जेसच्या वेळी आयोगाला आज्ञावली उघडून पाहता आली होती. कॉम्पासचे सूत्र मात्र कंपनीचे व्यापारी गुपित होते. विस्कॉन्सिन राज्यातील एका आरोपीने तक्रार केली, की माझ्या शिक्षेला आधार झालेला अंक कसा काढला हे मला कळू दिले जात नाही. २०१६ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे फेटाळले. अशा अंकाबरोबर त्याच्या मर्यादांची लेखी सूचना न्यायाधीशापुढे ठेवावी, एवढे बंधन घातले. १९८८ साली जे दप्तर उघडले गेले होते, ते २०१६ साली बंदच राहिले.

यंत्राने न पाहिलेले चेहरे

मधल्या काळात यंत्राची घडणही बदलली होती. नियम आता माणूस लिहीत नव्हता. लाखो उदाहरणे यंत्रापुढे ठेवायची आणि नियम त्यालाच शोधू द्यायचा, ही पद्धत २०१२ नंतर सर्वत्र पसरली. या यंत्रात आडनावाचे वजा १५ गुण अशी ओळ कोठेही सापडत नाही. पूर्वग्रह असलाच, तर तो कोट्यवधी आकड्यांत मीठ पाण्यात विरघळावे तसा विरघळलेला असतो. चव घेतल्याशिवाय तो कळत नाही.

ती चव घेण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन तरुण कृष्णवर्णीय संशोधिकांचे नाव अग्रभागी आहे. बुओलाम्विनी विद्यार्थिनी असताना एका प्रयोगात यंत्राला त्यांचा चेहराच दिसेना. पांढरा मुखवटा चढवल्यावर मात्र दिसला. या अनुभवाचे त्यांनी शास्त्रशुद्ध परीक्षेत रूपांतर केले. रवांडा, सेनेगल, दक्षिण आफ्रिका, आइसलँड, फिनलंड आणि स्वीडन या सहा देशांच्या संसदसदस्यांची १,२७० छायाचित्रे त्यांनी जमवली, आणि आयबीएम, मायक्रोसॉफ्ट व चीनमधील फेस-प्लस-प्लस यांच्या प्रणालींना चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा, एवढेच विचारले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण कोठेही ०.८ टक्क्याहून अधिक नव्हते. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. हा निबंध फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

कारण शोधू गेल्यास ते साधे होते. अशा यंत्रांची परीक्षा घेण्यासाठी संशोधक जे छायाचित्रसंग्रह वापरीत, त्यांतल्या एका प्रमुख संग्रहातील सुमारे ८० टक्के चेहरे उजळ वर्णाचे होते. यंत्र बहुसंख्यांवर उत्तीर्ण झाले, की सगळ्यांवर उत्तीर्ण झाले असे मानले जाई. सरासरीच्या आकड्यात काळी स्त्री दिसतच नव्हती. निबंध प्रसिद्ध झाल्यानंतर पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा तिन्ही कंपन्यांच्या चुका पुष्कळ कमी झालेल्या आढळल्या. म्हणजे सुधारणा अशक्य नव्हती; ती कोणी मागितली नव्हती.

नोकरभरतीतही हाच प्रकार दिसला. ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉयटर्सने दिलेल्या वृत्तानुसार ॲमेझॉन कंपनीने अर्ज निवडणारे एक यंत्र तयार केले होते. दहा वर्षांतले जुने अर्ज त्याला शिकवले. ते बहुतांशी पुरुषांचे होते. यंत्राने पुरुषांना पसंती देण्याचा धडा घेतला आणि ज्या अर्जात स्त्रियांच्या एखाद्या मंडळाचा उल्लेख असेल, त्याचे गुण ते कमी करू लागले. कंपनीने तो प्रयत्न सोडून दिला. सेंट जॉर्जेसला तीस वर्षे झाली होती, आणि धडा तोच होता.

विचारणाऱ्यांचे काय होते

आतापर्यंतच्या प्रत्येक प्रकरणात अन्याय उघड झाला तो कोणी तरी बाहेरून किंवा आतून प्रश्न विचारल्यामुळे. जेथे प्रश्न वेळेवर ऐकला गेला नाही, तेथे काय होते, हे नेदरलंड्समध्ये दिसले. मुलांच्या संगोपनासाठी पालकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीत लबाडी होऊ नये म्हणून तेथील करखात्याने एक संगणकीय प्रणाली वापरली. डच नागरिकत्व नसणे, ही गोष्ट तिने धोक्याचे लक्षण म्हणून मोजली. हजारो पालकांवर लबाडीचा ठपका आला. कोणाच्या अर्जात एखादी सही राहिली होती, कोणाची तेवढीही चूक नव्हती. घेतलेली सारी मदत परत करण्याच्या नोटिसा निघाल्या. कुटुंबे कर्जात बुडाली, काहींचे संसार मोडले. आपल्याला का निवडले, हे विचारणाऱ्याला उत्तर मिळत नव्हते. काही पत्रकार आणि संसदसदस्य चिकाटीने मागे लागले, तेव्हा सत्य बाहेर आले. १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुट यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

प्रश्न विचारणारे संशोधक स्वतःही सुरक्षित नसतात. टिमनिट गेब्रू पुढे गूगल कंपनीत नीतीविषयक संशोधनाच्या एका गटाचे सहनेतृत्व करीत होत्या. अफाट मजकूर वाचून भाषा शिकणाऱ्या मोठ्या यंत्रांचे धोके सांगणारा निबंध त्यांनी एमिली बेंडर व इतरांबरोबर लिहिला. महाजालावर ज्यांचा आवाज मोठा त्यांचेच जग यंत्र शिकते, आणि एवढ्या प्रचंड साठ्यात काय भरले आहे हे कोणीच नोंदवून ठेवत नाही, असा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. निबंध मागे घ्यावा की नाही यावरून वाद झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये गेब्रू कंपनीबाहेर पडल्या. आपल्याला काढले, असे त्यांनी सांगितले. त्यांचा राजीनामा स्वीकारला, असे कंपनीने म्हटले. कंपनीच्या पगारावर राहून कंपनीची परीक्षा किती करता येते, हा प्रश्न त्या वेळी साऱ्या संशोधनविश्वापुढे उभा राहिला.

याच गेब्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली एक साधी सूचना केली होती. विजेच्या उपकरणांतला लहानसा सुटा भाग विकत घेतला, तरी त्याच्यासोबत माहितीपत्रक येते. तसे प्रत्येक माहितीसंग्रहासोबत असावे. तो कोणी जमवला, कोणाकडून, कशासाठी, कोण वगळले गेले, हे त्यात लिहावे. मार्गारेट मिचेल आणि इतरांनी २०१९ साली यंत्रांसाठीही अशीच पत्रिका सुचवली. वरवर पाहता हे कारकुनी काम वाटेल. परंतु सेंट जॉर्जेसचा इतिहास ध्यानात घेतला, म्हणजे त्याचे मोल कळते. लिहिलेल्या गोष्टीलाच जाब विचारता येतो.

आपल्या दारात

हा विचार आता कायद्याच्या आणि धर्मपीठांच्या भाषेतही उतरला आहे. व्हॅटिकनच्या पाँटिफिकल ॲकॅडमी फॉर लाइफने २८ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्ट, आयबीएम आदींसह रोममध्ये जे आवाहन प्रसिद्ध केले, त्यातील सहा तत्त्वांत पारदर्शकतेला पहिले स्थान आहे. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्यात शिक्षणसंस्थांतील प्रवेश ठरवणाऱ्या प्रणाली अधिक धोक्याच्या वर्गात टाकल्या आहेत. लंडनच्या त्या प्रवेशअर्जांना असे उशिरा का होईना, उत्तर मिळाले आहे.

आपल्या देशात हा प्रश्न निराळे रूप घेतो. पश्चिमेकडील संशोधन वंश आणि लिंग यांभोवती वाढले. निथ्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली भारताविषयी लिहिताना दाखवले, की येथे जात, भाषा, धर्म, वर्ग ही मापेही लावावी लागतात, आणि ज्यांच्या हाती स्वतःचा फोन नाही त्यांची नोंदच साठ्यात नसते. आडनावावरून जात ओळखण्याची सवय जेथे लहानपणापासून लागते, तेथे आडनाव वाचणारे यंत्र काय शिकेल, हे वेगळे सांगायला नको. जुने निर्णय त्याला गुरू म्हणून दिले, की पुरे.

तेलंगणात निरनिराळ्या सरकारी दप्तरांतील नावे संगणकाने जुळवून अपात्र कुटुंबे शोधण्याची प्रणाली वापरली गेली, आणि लाखो शिधापत्रिका रद्द झाल्या. प्रत्यक्ष घरी जाऊन पाहिले नसल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२२ साली न्यायालयाने फेरतपासणीचा आदेश दिला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधवृत्तात अशा एका गरीब स्त्रीची हकिकत आहे. नामसाधर्म्यामुळे तिच्या नवऱ्याच्या नावावर मोटार असल्याचे यंत्राने ठरवले आणि तिचे धान्य बंद झाले. लंडनला नावाने गुण गेले. येथे नावाने ताटातला भात गेला.

असे असले, तरी यंत्र मोडून टाकावे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. माणसाच्या हाती कारभार असताना न्याय होता, असे सेंट जॉर्जेसच्या शेजारची महाविद्यालये सांगत नाहीत. जो पूर्वग्रह शतकानुशतके मनात दडून राहिला, तो यंत्रात उतरल्यावर मोजता येतो, दाखवता येतो आणि दुरुस्त करता येतो. मात्र यंत्र उघडून पाहण्याची मुभा असली पाहिजे, पाहण्याचे धैर्य असलेली माणसे हवीत आणि त्यांना संरक्षण हवे. यांतले एकही यंत्राच्या गुणधर्मांतून आपोआप येत नाही. ते समाजाने मागून घ्यायचे असते.

डॉ. बर्क आणि डॉ. कॉलियर यांनी आवाज उठवण्यापूर्वी लंडनच्या त्या महाविद्यालयाने ज्यांना नकार कळवला, त्यांना कारण कोणी सांगितले नव्हते. आपलेच काही तरी कमी पडले, अशी समजूत करून घेऊन त्यांतले कितीजण दुसऱ्या वाटेला लागले असतील, याची गणना कोणत्याही अहवालात नाही. ज्याला नाकारले त्याला कारण विचारता यावे आणि ते समजेल अशा भाषेत सांगणे कोणावर तरी बंधनकारक असावे, एवढी किमान अट आपल्या शाळांच्या, बँकांच्या आणि शिधावाटप कार्यालयांच्या नव्या यंत्रांना आजच घातली पाहिजे. पुढे घालू म्हटले, तर तोवर जुने निर्णय त्या यंत्रांचे धडे होऊन बसलेले असतील.